एक जूनचा जन्म

तासगाव, मळ्यातून
१२ सप्टेंबर २०२५

ती. आत्ती,

शालनचा नमस्कार. वर आणि काय काय लिहायचं असतं ते तुमच्या वेळचं, मला येत न्हाई. फोन लावला तर तुमी नुसतं कोण कोण करता, आणि मग नारायणची बायको फोन काढून घेते आणि म्हणते मला सांगा, मी सांगते त्यांना. ह्यातलं तिला काही सांगायचं न्हाई. म्हणून शिवांजलीच्या वहीचं पान फाडलं. ती वरडंल. वरडू दे.

मुद्द्याचं विचारते. माझं खरं वय किती?

हसू नका. चार महिने पाळी आली न्हाई. मला वाटलं सुटले एकदाची. तर गौरी जेवायच्या दिवशी सुरू झाली, ती बारा दिवस झाले तरी थांबायचं नाव न्हाई. मधीच बसल्या जागी अंगात भट्टी पेटते, दोन मिनिटांत घामानं पाठ भिजते, मग थंडी वाजते. परवा भाकरी करपली म्हणून रडले. भाकरी करपली म्हणून कोण रडतं का? आधी कवा रडले न्हाई.

तालुक्याच्या एका डॉक्टरकडं गेले. त्यानं वय विचारलं. मी आधार पुढं केलं. एक जून एकोणीसशे त्र्याहत्तर. म्हणला बावन्न. मग म्हणला, पहिल्यांदा पाळी कवा आली? मी म्हणलं विसाव्या वर्षी. त्यानं पेन खाली ठेवला. म्हणला विसावं म्हणजे पहिल्यापासनंच काहीतरी गडबड हाय, पन्नाशी उलटली, आता पिशवीचं काम काय, काढून टाका, उद्या त्यात काही निघालं म्हणजे? मालकांना विचारलं. तुमचे जावई म्हणले, फौजेत गाडीचा पार्ट खराब झाला की काढूनच टाकतात. हवालदार म्हणून रिटायर झाले तरी घरात अजून गाडीच चालवतात.

मी हो म्हणणारच होते. पण आमच्यातली आशाताई हाय, रेश्मा म्हणून. ती कागद भरायला आली. आधार बघून म्हणली, काकू, ह्या गावात मी दीडशे बाया एक जूनला जन्मलेल्या लिहिल्यात. मास्तरांनी शाळेत घालताना टाकलेली तारीख हाय ती, त्यावर ऑपरेशन ठरवू नका, जन्मताना बघितलेलं घरात कोण असंल त्यांना विचारा.

आई मी पाच वर्षांची असताना गेली, बापू जाऊन वीस वर्षं झाली. बघितलेल्या तुमीच एक राहिलाय.

खरं सांगू का, मला लाज वाटली. आमच्या द्राक्षबागेतल्या प्रत्येक वेलीचं वय मालकांना पाठ हाय. वरचा तुकडा चौदा वर्षांचा, ओढ्याकडचा नऊचा. म्हशीची वेतं मला पाठ. माझं वय कुणालाच न्हाई, मलाबी न्हाई.

शिवांजलीला तेरा सरून चौदावं चालू हाय. घोडी झाली तरी अक्कल न्हाई. चहा ठेवायला सांगितला तर दूध उतू घालवून टीव्हीपुढं हसत बसते. मी तिच्या वयाची असताना काय करत होते, मला आठवत न्हाई, पण हसत बसले नसणार.

मी म्हातारी होतीया का आजारी हाय, तेवढं मला कळलं पाहिजे. दोन्ही असंल तर तसं लिहा. लवकर लिहा. डॉक्टरला मी दसऱ्यानंतर सांगते म्हणलंय.

शालन


औंध
१८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. शालन हिस लीलाबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. सुनेने पाकीट न फोडता हातात दिले, हे तिचे कौतुक. भिंगाने दोन वेळा वाचले. अक्षर पूर्वीपेक्षा बरे आहे.

माझे विचारशील तर कान गेले ते गेलेच, आता उंचीही चालली आहे. लुगडे दोन बोटे खाली लोळते. फळीवरचा तिखटाचा डबा रोज हाताला यायचा, तो येईना. नारायण म्हणतो, आई, तू लहान व्हायला लागलीस. आंघोळीला सून बसवते, पाठ चोळते, वर विचारते पाणी गरम नाही ना. मला लहानपणी कोणी एवढे विचारले नव्हते. काल जेवले की नाही ते आज आठवत नाही, आणि माझ्या माहेरच्या विहिरीला किती पायऱ्या होत्या ते सांगते.

तू वयाचे विचारलेस. कागदावर जे आहे तेच तुझे वय. दाखला तुझ्या मामांच्या, आमच्या ह्यांच्या हातचा आहे. तीस वर्षे त्यांनी मास्तरकी केली, त्यांच्या अक्षराला कधी कोणी बोट लावले नाही. तेव्हा बावन्न म्हणजे बावन्नच.

डॉक्टर म्हणतात तर काढून टाक. माझी चाळिशीतच काढली. काही होत नाही. महिनाभर जड उचलायचे नाही, एवढेच. नंतर कंबर धरते, पण ती सगळ्यांचीच धरते.

एक सांगते ते ऐक. त्या आशाताईशी तारखेबद्दल जास्त बोलू नकोस. ती सरकारी मुलगी, कुठे काय लिहून देईल सांगता येत नाही. जावई बाळासोचे पेन्शनचे कागद, तुझे कार्ड, सगळे त्याच तारखेवर आहे. जसे आहे तसे राहू दे. जुन्या गोष्टी उकरून काही निघत नसते. जे झाले ते तुझ्या भल्यासाठीच झाले.

शिवांजलीला आशीर्वाद. तिला फार बोलू नकोस. तुझा थोरला धैर्यशील सुट्टीवर आला की यमाईच्या दर्शनाला पाठव, म्हणजे मलाही भेटेल.

तुझी आत्या,
लीलाबाई


तासगाव
२४ सप्टेंबर २०२५

ती. आत्ती,

तुमचं पत्र आलं. मी वय विचारलं, तुमी पेन्शन सांगितली. मला त्यातलं काय समजायचं?

ऑपरेशनची तारीख घेतली. सोमवार, सहा ऑक्टोबर. दसरा झाला की. तुमी बावन्न म्हणला म्हणून घेतली. बागेची छाटणी तोंडावर हाय, बाया सांगून ठेवल्यात, काड्यांना डोळे फुटायची पेस्ट लावायची, आणि मी महिनाभर खाटेवर. तरी घेतली.

पण डोकं थाऱ्यावर न्हाई. काय झालं ते लिहिते.

परवा घट बसले. शिवांजली मक्याचं कणीस खात होती, तर तिची दाढ निघून हातात आली. मला वाटलं कीड. रेश्मा आलेली, ती म्हणली काकू, ही दुधाची दाढ, शेवटची असंल, हिची जरा उशिरा पडली, आता तिथं पक्की येईल. मी म्हणलं ह्यात काय, माझीबी अशीच पडली होती, लग्नानंतर दिवाळीला. सासू चकली कडक झाली म्हणून बोलत होती आणि माझ्या तोंडात दाढ. तिला कळू नये म्हणून पदराच्या गाठीत बांधली. पुढं तिथं नवी आली.

रेश्मानं हातातली दाढ उलटी करून बघितली. मग म्हणली, काकू, लग्नात तुमी किती वर्षांच्या होता? मी म्हणलं अठरा पूर्ण. ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणली अठराव्या वर्षी दुधाची दाढ पडत न्हाई.

तवापासनं एकेक आठवायला लागलंय. लग्नातला चुडा दुसऱ्या वर्षी हातात जाईना. चार बोटं उंच झाले, सासू म्हणायची हिला खायला जास्त लागतं म्हणून वाढतीया. पाळी यायला दोन वर्षं लागली. किल्लारीला भूकंप झाला त्या साली गणपतीत आली. तोवर सासू सगळ्या गल्लीत सांगायची, अठराची घोडी करून आणली आणि अजून कोरडी हाय, भाकरीबी गोल येत न्हाई, ह्यांनी आमाला फसवलं. मला वाटायचं मी मंद हाय. माझं सगळंच उशिरा. अंग उशिरा, अक्कल उशिरा.

आणि तुमी लिहिता उकरू नको. भल्यासाठी झालं. लपवण्यासारखं काय हाय त्यात?

मी तीन दिवस विचार केला. आता सरळ विचारते. मी बापूंची न्हाई का? आईला लग्नाआधी झालेली हाय का? का कुणाची उचलून आणली? म्हणून तारीख खोटी घातली का? तसं असंल तर असू दे. ह्या वयात मला कोण घराबाहेर काढणार न्हाई. पण मी कुठली हाय ते मला न सांगता सोमवारी त्या टेबलावर झोपवू नका.

शालन


औंध
३० सप्टेंबर २०२५

चि. सौ. शालन,

हे पत्र सोमवारच्या आत पोचेल की नाही याचा भरवसा नाही. म्हणून नारायणला तुला फोन करायला सांगितला, की आईचे पत्र वाचल्याशिवाय दवाखान्यात जाऊ नकोस. कारण त्याला सांगितले नाही. तो माझ्याकडे, म्हातारीला खूळ लागले म्हणून बघतो आहे. बघू दे.

तू ज्ञानूचीच आहेस. माझ्या भावाचे नाक तुझ्या तोंडावर आहे, आरशात बघ. तुझ्या आईबद्दल तू जे लिहिलेस ते पुन्हा मनात आणू नकोस. ती चांगली होती. ते वाचून माझ्याच्याने गप्प बसवेना.

तुझा जन्म सत्त्याहत्तर सालचा. दिवाळीतल्या पहिल्या आंघोळीची पहाट होती. मी तुझ्या आईच्या बाळंतपणासाठी कवठे महांकाळला ज्ञानूकडे गेले होते. आंघोळीचे पाणी तापवले होते, तेच तुला लागले. म्हणजे तू आज सत्तेचाळीस आहेस, दिवाळीला अठ्ठेचाळीस होशील. लग्नात तू अठरा नव्हतीस. साडेतेरा वर्षांची होतीस.

आता कसे झाले ते.

तुझी आई गेल्यावर तू माझ्याकडे औंधला आलीस. शाळेत घालताना मामांनी एक जून सत्त्याहत्तर लिहिले. तिसरीतून मी तुला काढले, नारायण अंगावर होता, त्याला सांभाळायला कोणी नव्हते. मग ज्ञानूचा दमा वाढला आणि तू त्याला भाकरी करून घालायला परत गेलीस. ज्ञानू रात्रंदिवस म्हणायचा, मी उद्या गेलो तर ही पोर कोणाच्या दारात जाईल. त्यात बाळासोचे स्थळ आले. फौजी, पर्मनंट, सुपारीचे व्यसन नाही. अठ्ठावीस दिवसांच्या रजेवर आला होता. पलटणीत बायकोच्या जन्माचा दाखला लागतो, अठरा पूर्ण पाहिजे, नाहीतर लग्न कागदावर चढत नाही. असे स्थळ परत येणार नव्हते.

मामा दाखला लिहायला बसले. त्र्याहत्तर लिहायला त्यांचा हात होईना. मी म्हटले, लिहा. सत्त्याहत्तरमधल्या शेवटच्या साताचा तीन करायचा, एवढेच होते. चहा निवायच्या आत झाले. एक जूनला तू कागदावर अठरा पूर्ण झालीस, सहा जूनला अक्षता पडल्या.

तुला मीच शिकवले, कोणी विचारले तर अठरा सांग. पहिल्या दोन वेळा तू हसलीस. मग मी ओरडले, मग तू न हसता सांगायला लागलीस. पुढे तू तेच खरे धरलेस. मला वाटले बरे झाले.

तू उफाड्याची होतीस. मला वाटले, नवरा सरहद्दीवर, वर्षाला एकदा येणार, तू सासूजवळ लेकीसारखी वाढशील. तिने काय केले ते तू मला कधी सांगितले नाहीस. मीही विचारले नाही.

मागच्या पत्रात खोटे लिहिले, कारण भ्याले. कागद खोटा निघाला तर पोलीस येतात का, बाळासोचे पेन्शन थांबते का, मला काही कळत नाही. आणि दुसरे, तू पत्र लिहायची थांबशील. मला आता दुसरे कोणी लिहीत नाही.

डॉक्टरला खरे वय सांग. पाळी तुला सोळावे सरायच्या आत आली. त्यात उशीर काही नव्हता.

लीलाबाई


तासगाव
१७ ऑक्टोबर २०२५

ती. आत्ती,

पत्र शनिवारी आलं. सोमवारी मी गेले न्हाई. नारायणच्या फोननं आधीच डोकं फिरलं होतं. आईचं पत्र वाचा म्हणतोय आणि पत्रात काय ते त्याला ठाऊक न्हाई.

दवाखान्याचं आधी लिहिते, म्हणजे तुमी घोर लावून घेणार न्हाई. रेश्मा मला सांगलीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीण पोरसवदा होती, धैर्यशीलएवढी. वय विचारलं. मी म्हणलं कागदावर बावन्न, खरं सत्तेचाळीस. ती म्हणली म्हणजे काय. मी म्हणलं माझ्या आत्याला विचारा. तिनं दोन्ही लिहून घेतलं. पाळी कवा आली म्हणली, मी सोळावं सरताना सांगितलं. ती पुढच्या ओळीवर गेली. पेनबिन काही खाली ठेवला न्हाई. सोनोग्राफी केली, आतला जरासा तुकडा काढून तपासायला पाठवला. काल रिपोर्ट आला. काही न्हाई. आतलं अस्तर जाड झालंय, गोळ्या दिल्यात, सहा महिन्यांनी परत दाखवायचं. मी विचारलं, पिशवी काढायची का? म्हणली कशाला? वयाप्रमाणं चाललंय सगळं.

आत्ती, माझं कवा काय वयाप्रमाणं चाललंय असं मला कुणी म्हणलं न्हवतं. मी बाहेर बाकावर जाऊन बसले. रेश्मानं पाणी आणलं. तिला वाटलं चक्कर आली.

तुमच्या जावयाला विचारलं. बागेत होते, छाटलेल्या काड्या गोळा करत. म्हणलं तुमाला माहीत होतं का? हातातली काड्यांची मोळी खाली ठेवली. मग म्हणले, "चुडा भरताना तू रडत होतीस, तवा वाटलं बारकी हाय. पण कागद होता." मी म्हणलं तुमी बघत कुणाकडं होता, माझ्याकडं का कागदाकडं? परत काड्या गोळा करायला लागले. तवापासनं चहा मागत न्हाईत, स्वतःचा स्वतः करतात आणि कप धुऊन पालथा घालतात. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. मला त्याचाबी राग येतो.

पेन्शनला काही होत न्हाई, ते म्हणले. तारीख हाय तीच ठेवायची. म्हणजे कागदावर मी म्हातारीच राहणार.

आणिक एक सांगते. ट्रंकेतनं लग्नातला पोलका काढला. एक दिवसच घातलेला, जरीचा. शिवांजलीला म्हणलं घाल जरा. तिला वाटलं शाळेत कार्यक्रमाला पाहिजे. घातला. खांद्यावरनं घसरत होता आत्ती. तुमी म्हणता उफाड्याची होते. ही माझ्यापेक्षा बोटभर उंच हाय, तरी हिला सैल. उलटा करून बघितला तर दोन्ही बगलांत चार चार बोटं कापड आत दुमडून शिवलेलं. वाढत्या अंगाचं म्हणून. म्हणजे शिंप्यालाबी ठाऊक होतं. बापूंना, तुमाला, मामांना, शिंप्याला. मला सोडून सगळ्या गावाला.

पोरगी आरशापुढं उभी राहून हसत होती. मम्मी, मी नवरी दिसते का म्हणली. मी तिच्या अंगावरनं तो पोलका असा ओढून काढला की तिला लागलं. मग ती रडली, मग मी तिला म्हणलं चूक झाली. ती रडायची थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली. मी असं कवा म्हणत न्हाई.

चौतीस वर्षं मी माझं माप अठराचं धरलं. अठराची असून भाकरी येत न्हवती, अठराची असून अंधाराला भ्यायची, अठराची असून सासूच्या मागं मागं फिरायची आई म्हणत. म्हणून मी मंद. त्याच मापानं आता पोरीला बोलत होते. तिच्या वयाला मी काय काय करत होते म्हणून तिला सांगायची, आणि ते सगळं माझ्या हातनं होतच न्हवतं.

पेन उचलला तो तुमाला वाईट लिहायला. मनातल्या मनात लय लिहिलं. पण तुमी सांगितलं नसतं तर ते मला काय कळलं असतं, आणि मी त्या टेबलावर झोपलेच असते. म्हणजे शिवी द्यायची का नमस्कार करायचा? कळत न्हाई. रोज सकाळी एक ठरवते, दुपारी दुसरं. माझं मलाच कळत न्हाई मी किती वर्षांची बाई हाय, आणि कुठल्या वयाचा राग धरू.

एक काम सांगते, ते करा. मला तेराव्या वर्षाचं काही आठवत न्हाई. जे आठवतं त्यावर अठरा लिहिलेलं हाय. तुमी बघितलं होतं. मी तवा कशी होते ते लिहा. काम सांगू नका. धुणी, भांडी, नारायणला कडेवर घेणं, ते मला माहीत हाय. ते सोडून काय करत होते ते लिहा.

शालन


औंध
२७ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. शालन,

रिपोर्ट चांगला आला, देवीपुढे साखर ठेवली.

तू सांगितलेस ते काम चार दिवस करते आहे. आठवते आणि निसटते. तू म्हणतेस काम सोडून सांगा. काम सोडून फार थोडे आहे, हे मला आत्ता कळते आहे. एक पक्के आठवते, ते लिहिते.

हळदीचा दिवस. बायका जमल्या होत्या, तुला हळद लागली, आणि पुढचे करायला बसवायची तर तू नाहीस. सगळीकडे शोधले. ज्ञानूला धाप लागली, त्याला वाटले विहिरीत बघावे. मला तू गोठ्याच्या मागे सापडलीस. शेजारच्या दोन पोरी होत्या आणि तुम्ही गजगे खेळत होता. तुझे हात कोपरापर्यंत पिवळे, त्यामुळे गजगेही पिवळे झालेले. एक वर उडवायचीस आणि खालचे चार एका झटक्यात गोळा करायचीस. मी मागे उभी होते ते तुला कळले नाही. फार चपळ हात होता. मंद मुलीचा नव्हता.

मी हाक मारली. तू वर न बघता म्हणालीस, "आत्ती, एवढा डाव होऊ दे."

मी म्हटले, बायका खोळंबल्यात. दंडाला धरून उठवले. तू आलीस, रडली नाहीस. ओटी भरायला पदर पसर म्हटले तर एक हात पुढे करेनास. मूठ उघडून बघितली तर आत गजगे. मी ते काढून घेतले आणि तांदूळ घातले.

साताचा तीन मामांनी केला, पण तो मी सांगितल्यावर. आणि हे तर मी एकटीने केले. त्या वेळी तू किती वर्षांची आहेस ते मला दिसत होते. दिसत असून केले. भल्यासाठी झाले असे मी मागे लिहिले होते, ते खोडते.

शिवांजलीला आशीर्वाद.

लीलाबाई


तासगाव
४ नोव्हेंबर २०२५

ती. आत्ती,

पत्र मिळालं. मी माफ केलं असं समजू नका, अजून केलेलं न्हाई. करीन का तेबी माहीत न्हाई.

त्या दोन पोरी कोण होत्या, आणि डाव कोण जिंकत होतं, तेवढं लिहा. विसरायच्या आत लिहा.

शालन